साहेबांची दाढ

१२ फेब्रुवारी

आणि मी काय साहेबांच्या खिशात बसून मत देतो? ताईला हे कितीदा सांगायचं? दर रविवारी फोन केला की तब्येत नाही, जेवण नाही, पहिला प्रश्न तोच. "तुझ्या साहेबांनी मत कुठं टाकलं?" जसं काही मत म्हणजे छत्री आहे आणि मी ती कुठंतरी विसरून आलोय. मी म्हटलं, ताई, मी आमदारांचा माणूस आहे, आमदार नाही. तर म्हणते, "माणूस आहेस ना, मग डोळे असतील." मी रागानं फोन ठेवला. मग परत केला, कारण आईशी बोलायचं राहिलं होतं. तर तोही ताईनंच उचलला.

तिचा जीव टांगणीला लागलाय हे मला कळतं. ती डोंगरापलीकडच्या वस्तीवरच्या शाळेत शिकवते. एक खोली, चौदा मुलं, एक ताई. आता सरकार विधेयक आणतंय, वीसपेक्षा कमी मुलांच्या शाळा बंद. म्हणजे मुलांनी नदी ओलांडून दोन तास चालायचं आणि ताईनं घरी बसायचं. आमचं घर तिच्या पगारावर (तो जानेवारीपासून अडकलाय) आणि मी पाठवतो त्यावर चालतं. आणि मी पाठवतो त्यावर फार भरवसा ठेवू नये हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. ही माझी दोन वर्षांतली पाचवी नोकरी. ताई मला भिंगरी म्हणते ते उगाच नाही.

आमच्या भागाचे आमदार म्हणजेच माझे साहेब. गावात येऊन ते म्हणाले होते, "ही शाळा माझ्या काळजात आहे." मी स्वतः ऐकलंय. मग काळजी कसली?

ही वही आमदारांना फुकट आलेल्या बावीस डायऱ्यांतली आहे. ताई म्हणाली रोज लिही, सातवीत सुटलेली शाळा थोडी तरी परत येईल. रोज काही होत नाही. झालं की लिहीन.

१९ फेब्रुवारी

अधिवेशन सुरू झालं. आज पाणीपट्टी वाढवायचं विधेयक होतं. आत आरडाओरडा इतका की बाहेर पन्हं ठेवायच्या टेबलावरचे पेले हलत होते. (पन्हं नाही, सरबत. पण पन्हं लिहिताना बरं वाटलं.) मग घंटा वाजली. मतविभागणीची घंटा तीन मिनिटं वाजते, तेवढ्यात सगळ्या आमदारांनी आत जायचं, मग दारं बंद. आत 'होय'वाले एका बाजूला, 'नाही'वाले दुसऱ्या बाजूला, आणि माणसं मोजतात. दार बंद करायचं काम एका म्हाताऱ्या शिपायाकडे आहे. त्यांना सगळे कुलूपकाका म्हणतात.

घंटा वाजली आणि साहेब गालाला हात लावून बाहेर आले. "दाढ! पळ, लवंगतेल आण." तेलाची बाटली साहेबांच्या सरकारी खोलीत, म्हणजे तीन इमारती पलीकडे. मी असा पळालो की एका मंत्र्याचा चष्मा पडला. परत आलो तर दार बंद. साहेब बाकावर बसलेले. तेल लावायच्या आधीच दुखायचं थांबलं. माणूस सहनशील आहे.

कुलूपकाका म्हणाले, "घंटेनं दुखते का रे ती?"

म्हाताऱ्यांना सगळ्यांच्या तब्येतीची चौकशी असते.

२६ फेब्रुवारी

आज दारूच्या दुकानांचं विधेयक. मी शहाणपणा करून बाटली खिशातच ठेवली होती. घंटा वाजली, साहेब आले, गालावर हात. मी लगेच बाटली पुढं केली. साहेब माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी त्यांच्या हातात पाल दिली.

"खिशात ठेवतोस? सांडली म्हणजे? सरकारी गालिचा आहे हा!"

"साहेब, बूच घट्ट..."

"आधी जागेवर ठेवून ये. मग घेऊन ये."

गेलो, ठेवली, घेतली, आलो. दार बंद. शिस्तीचा माणूस. सरकारी गालिच्याची एवढी काळजी कोण करतं?

४ मार्च

आज आमदारांचे भत्ते वाढवायचं विधेयक. सकाळपासून मला धाकधूक, पण देवाची कृपा, दाढ अजिबात दुखली नाही. साहेब सगळ्यात आधी आत. त्यांचं "होय" बाहेर माझ्यापर्यंत ऐकू आलं.

९ मार्च

शाळांचं विधेयक सव्वीस तारखेला मताला येणार. ताईला सांगितलं. तिनं तारीख दोनदा विचारून घेतली. मग म्हणाली, "तिथं छापील नोंद असते ना, कोणी कशाला मत दिलं त्याची? जा आणि साहेबांची उतरवून काढ. आजपर्यंतची सगळी."

"ताई, मला तिथं आत कोण घेणार?"

"तू चहा घेऊन जा. चहा घेऊन जाणाऱ्याला कुणी अडवत नाही."

१३ मार्च

ती म्हणाली तसंच झालं. चहा नेला. ग्रंथालयाच्या बाईंनी चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, "वाचता येतं?" मी म्हटलं, "हळू येतं." त्यांनी पाच वर्षांचे जाडजूड खंड काढून दिले, एक पेन्सिल दिली, आणि म्हणाल्या, "आमदारांची नोंद बघायला नऊ वर्षांत तू तिसरा आलास. पहिले दोघं उन्हातून आत आले होते, गार वाटावं म्हणून."

तीन दुपारी बसलो. मतविभागणीच्या प्रत्येक यादीत तीन रकाने असतात. होय, नाही, गैरहजर. साहेबांचं नाव शोधायला आधी वेळ लागायचा. मग समजलं की सरळ तिसरा रकाना बघायचा.

पाणीपट्टी, गैरहजर. दारूची दुकानं, गैरहजर. दवाखाने खासगी कंपनीला देणं, गैरहजर. जमिनी घेऊन रस्ता करणं, गैरहजर. कारखान्याच्या धुराचं, गैरहजर. ज्याच्यावरून आत टेबलं बडवली गेली अशा अकरा विधेयकांत अकरा वेळा गैरहजर. आणि बाकी, म्हणजे सभागृहाच्या बागेला नवा पाइप, उपाहारगृहात पंखे, भत्ते, सगळीकडे हजर आणि होय.

नंतर डायरी काढून तारखा लावल्या. माझ्या वेळच्या मला ठाऊक होत्या, आधीच्या कुलूपकाकांना विचारल्या. ते बोटांवर मोजत म्हणाले, "दाढ, दाढ, दाढ, तेव्हा पाठ, मग परत दाढ."

म्हणजे हे असं आहे. या एका दाढेनं माझ्या साहेबांचं अख्खं राजकारण नासवलं! एवढा मोठा माणूस, लोकांसाठी काळजात शाळा घेऊन फिरणारा, आणि ऐन वेळी एक कण्हणारं हाड त्याला बाहेर खेचतंय. आणि मी मूर्ख, तेल आणतोय.

१४ मार्च

ताईला सगळी यादी वाचून दाखवली आणि दाढेचंही सांगितलं. पलीकडून हुंदक्यांसारखं ऐकू आलं. मला वाटलं रडतेय. मग कळलं, हसत होती.

"भिंगरी," ती म्हणाली, "तू सोन्यासारखा आहेस रे."

आयुष्यात पहिल्यांदा म्हणाली. मग म्हणाली, "मग ती दाढ काढूनच टाकू की. तू चांगला दातांचा डॉक्टर शोध. चोवीस तारखेची वेळ घे. आम्ही वस्तीवरचे लोक साहेबांना भेटायला येतोच आहोत."

शेवटी तिलाही साहेबांची काळजी वाटायला लागली. मी म्हणत होतोच, ताईचं मन वाईट नाही.

१८ मार्च

बाजाराच्या मागे दातांच्या डॉक्टरीणबाई आहेत. वेळ घेतली. साहेबांना सांगितलं नाही, उगाच घाबरतील.

साहेबांचे पीए आज खुशीत होते. नवीन उपमंत्र्यांची यादी महिन्याअखेर निघणार आणि साहेबांचं नाव दोन्ही गटांना चालतं म्हणे. "पंचवीस वर्षांत एकही शत्रू नाही केला माणसानं," पीए म्हणाले. "आता फक्त सव्वीस तारीख सांभाळायची." मी म्हटलं, त्याची व्यवस्था मी केलीय. पीएंनी माझी पाठ थोपटली. त्यांना कसं कळलं कोण जाणे.

२४ मार्च

हात दुखतोय तरी लिहितो, कारण असा दिवस परत येणार नाही.

ताई आली. सोबत वस्तीवरचे दहा जण, सगळे त्या चौदा मुलांचे आईबाप, आजी-आजोबा. रात्रभर बसमध्ये बसून आलेले. साहेबांच्या खोलीत खुर्च्या चार, म्हणून बाकीचे पलंगाच्या कडेला बसले. साहेबांनी सगळ्यांना नमस्कार केला, एका आजोबांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "ही शाळा माझ्या काळजात आहे."

ताई म्हणाली, "काळजातून सभागृहात आणा ना, साहेब. परवा मत आहे. तुम्ही 'नाही' म्हणणार ना?"

"ताई, मी तुमच्या बाहेर आहे का?"

"म्हणजे 'नाही' म्हणणार?"

"तुमच्या भावना माझ्या भावना."

"भावना नको साहेब, मत."

साहेबांनी हळूच गालावर हात नेला. "माझी फार इच्छा आहे हो. पण ही दाढ. ऐन वेळी दगा देते. या पोराला विचारा."

मी उडीच मारली. "साहेब, काळजी सोडा! आज चार वाजताची वेळ घेतलीय. डॉक्टरीणबाई वाट बघतायत!"

साहेबांचा चेहरा इतका पडला की मला वाटलं कळ आली. ताई उठलीच. "चला साहेब. तुमचं दुखणं ते आमचं दुखणं. सगळे येतो."

अकरा माणसं, मी आणि मध्ये साहेब, असे बाजारातून गेलो. लोक दुकानातून हात जोडत होते. त्यांना वाटलं प्रचार आहे.

डॉक्टरीणबाईंनी तोंडात दिवा घातला, छोट्या दांडीनं टकटक केलं, फोटो काढला. मग म्हणाल्या, "दाढ चांगली आहे. कीड नाही, सूज नाही."

मी म्हटलं, "बाई, नीट बघा. अकरा विधेयकं खाल्लीत तिनं."

त्यांनी फोटो उजेडाकडे धरून परत बघितला. "अगदी मागची आहे. काढली तरी काही बिघडत नाही, ठेवली तरी काही बिघडत नाही. साहेब, तुम्ही सांगा. खरंच दुखते का?"

साहेबांनी डॉक्टरीणबाईंकडे बघितलं, मग दारात दाटीवाटीनं उभ्या असलेल्या आमच्या लोकांकडे. कपाळावर घाम. (दुखण्यामुळे असणार. ताई नंतर म्हणत होती, नाही म्हणावं तर अकरा वेळा का उठून गेलात, आणि होय म्हणावं तर चिमटा तयार. तिचं आपलं काहीतरीच.)

"काढू का?" बाईंनी विचारलं.

"तुम्हाला योग्य वाटेल तसं," साहेब म्हणाले.

"दाढ तुमची आहे. होय की नाही?"

"असं एकदम... सगळ्यांचं मत घेऊन ठरवावं."

ताई म्हणाली, "अगदी बरोबर. काढावी असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा."

अकरा हात वर गेले. मी बारावा. कंपाउंडर धरून तेरा.

"विरोधात?"

कुणी नाही. साहेबसुद्धा नाही! डॉक्टरीणबाई हात खाली करून उभ्या राहिल्या. "बहुमत वगैरे मला चालत नाही. साहेब, तोंडानं सांगा."

साहेबांनी एक मोठा श्वास घेतला. "मी," ते म्हणाले, "जनतेच्या बाहेर नाही. काढा."

वीस मिनिटांत काम झालं. बाईंनी तोंडात कापूस भरला आणि दोन दिवस फार बोलू नका म्हणून सांगितलं. ताई परत येताना सारखी ओढणीत तोंड लपवत होती. मी म्हटलं, हसतेस काय, माणसाची दाढ गेलीय. ती म्हणाली, "हसत नाही रे. परवाचं भ्या वाटतंय मला. खरंच."

आणि खरंच तिचे हात गार होते.

२६ मार्च

साहेब सकाळी म्हणाले (म्हणजे कागदावर लिहून दिलं), "आज विश्रांती." पीए धावत आले. सही केली नाही तर आजचा भत्ता बुडेल, आणि प्रतोदांचा निरोप आहे की प्रत्येक माणूस हवा. प्रतोद म्हणजे पक्षाची माणसं हाकून आत नेणारा माणूस. साहेब गेले आणि सही केली. वरच्या गॅलरीत ताई आणि वस्तीवरचे लोक पहिल्या रांगेत बसलेले. साहेबांनी एकदा वर बघितलं आणि परत बघितलं नाही.

अकराला वादावादी सुरू झाली. साडेबाराला घंटा वाजली.

साहेब बाहेर आले. गालाला हात लावला. मग आठवलं असावं, हात काढला. डोक्याला लावला. भिंतीला टेकले. "अक्कर," म्हणाले. गाल सुजल्यामुळे चक्कर असं नीट येत नव्हतं.

दोन मिनिटं उरली होती. तेल आणायला सांगितलं असतं तर मी गेलो असतो, पण चक्करला काय आणायचं? तेवढ्यात समोरच्या दवाखान्याच्या दाराशी चाकाची खुर्ची दिसली. आतापर्यंत अकरा वेळा साहेबांना उशीर झालाय. बाराव्यांदा नाही. आणली खुर्ची, बसवलं साहेबांना, आणि पळालो. साहेब "अं! अं!" करत होते. मला वाटलं म्हणतायत, लवकर.

दाराशी कुलूपकाका. कडीवर हात. "तू आत नाही जायचं."

"मी नाही जात. साहेबांना जाऊ द्या."

काकांनी साहेबांकडे बघितलं. एकोणतीस वर्षं दार बंद करणारा माणूस, त्यांनी हातातलं घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "अजून वीस सेकंद आहेत. सोड."

मी एक धक्का दिला. मला काय माहीत की आत उतार आहे? खुर्ची निघाली ती मधल्या वाटेनं सरळ खाली, दोन्हीकडचे आमदार पाय वर घेतायत, आणि थांबली ती अध्यक्षांच्या टेबलाला टेकून. मागे दार बंद झालं. दाराला गोल काच आहे, तिथून मी आणि काका, गालाला गाल लावून बघत होतो.

अख्ख्या सभागृहानं टाळ्या वाजवल्या. दोन्ही बाजूंनी! दाढ काढलेला माणूस, चक्कर येत असताना, खुर्चीतून मत द्यायला आला. अध्यक्ष उभे राहिले. म्हणाले, "सन्माननीय सदस्यांनी उठायचा त्रास घेऊ नये. बोलायचाही नाही. नुसता हात वर करावा." मग विचारलं, "विधेयकाच्या बाजूनं, होय?"

साहेब दगडासारखे. प्रतोद पहिल्या बाकावरून दोन्ही हातांनी खुणा करत होते.

"विरोधात, नाही?"

साहेबांनी वर गॅलरीत बघितलं. ताई उभी होती. आणि साहेबांचा हात वर गेला. कुलूपकाका म्हणतात नुसता गालापर्यंत गेला. मी म्हणतो वर गेला. गाल काय खाली असतो?

अध्यक्ष म्हणाले, "नोंद घ्या. नाही."

त्रेचाळीस होय, चव्वेचाळीस नाही.

विधेयक एका मतानं पडलं. वर्षभर तरी परत येणार नाही. गॅलरीतून असा ओरडा झाला की शिपायांना वर धावावं लागलं. ताई मात्र ओरडत नव्हती. जिथं उभी होती तिथंच खाली बसली, आणि एका बाईनं तिला पाणी दिलं.

२८ मार्च

ताई आणि मंडळी परवाच गेली. बसमध्ये चढताना तिनं माझा कान धरला, लहानपणी धरायची तसा, आणि सोडलाच नाही. "तुला खरंच काही कळलं नाही ना रे?" म्हणाली.

"काय कळायचंय?"

"काही नाही. असाच राहा."

मग कंडक्टर ओरडला.

३१ मार्च

उपमंत्र्यांची यादी निघाली. साहेब त्यात नाहीत. पीएंनी मला बोलावून सांगितलं की उद्यापासून येऊ नको. पगार आजपर्यंतचा. मी म्हटलं, पण मी तर व्यवस्था... ते म्हणाले, "ती व्यवस्था मी जन्मात विसरणार नाही."

जाताना साहेबांच्या पाया पडायला गेलो. साहेब खिडकीत बसले होते. आता नीट बोलता येतं. टेबलावर पत्रांचा ढीग, आमच्या भागातून आलेली. वरचंच एक मुलांच्या अक्षरात होतं, चौदा सह्या, त्यातल्या तीन उलट्या अक्षरांत.

"बस," म्हणाले. मी बसलो नाही. "होय म्हटलं की अर्धे लोक जातात. नाही म्हटलं की उरलेले अर्धे. दाढ दुखली की मात्र दोन्हीकडचे विचारायला येतात. पंचवीस वर्षं हेच केलं मी. आणि आता हे बघ." त्यांनी मुलांचं पत्र उचललं. "याला उत्तर काय लिहायचं ते मला येत नाही. असलं पत्र कधी आलंच नव्हतं."

मला वाटतं गोळ्यांची गुंगी अजून होती. मी म्हटलं, "साहेब, लिहा, पोचलं."

मग त्यांनी खरंच कागद पुढं ओढला.

१० एप्रिल

सहावी नोकरी. डॉक्टरीणबाईंकडे. हत्यारं उकळायची, फरशी पुसायची, घाबरलेल्या माणसाला खुर्चीत बसवायचं. बाई म्हणाल्या, "ते शेवटचं तुला जमतं." पगार साहेबांकडच्यापेक्षा कमी. घरी सांगितलं नाही. आईला सांगितलं असतं तर तिनं म्हटलं असतं, फिरली भिंगरी. आणि ताईला सांगितलं असतं तर ती काहीच बोलली नसती. ते जास्त वाईट.

३० एप्रिल

आज पहिल्यांदा ताईनं आपणहून फोन केला. चार महिन्यांचा अडकलेला पगार आता सुटणार म्हणतात, पण कागद वरच्या कचेरीत फिरतोय, अजून महिना जाईल. विधेयक येणार म्हणून फेब्रुवारीतच कुणीतरी शाळेची पाटी काढून नेली होती, ती गुरांच्या गोठ्याला दार म्हणून लावलेली सापडली. मुलांनी परत आणली. अक्षरं पुसलीत. आणि दोन मुलं वाढली. सोळा झाली. "अजून चार हवीत," ताई म्हणाली, "वर्ष आहे आपल्याकडे." मग विचारलं, "तुझं कसं चाललंय? साहेब बरे आहेत?"

"मजेत."

"तुझी नोकरी?"

"पक्की."

मग म्हणाली, "कमी पाठवलेस तरी चालेल हं भिंगरी."

म्हणजे कळलंय तिला. कुणी सांगितलं कोण जाणे, पण मी कबूल करणार नाही. खोलीवाल्याला आठवडाभर थांबायला सांगितलंय. बुटाचा तळ अजून एक महिना तग धरेल. दुपारचं जेवण बाईंकडेच होतं. त्यामुळे नेहमीचे तेवढेच, आणि पाटीच्या रंगाचे वर शंभर. उद्या सकाळी पाठवतोय: दोन हजार सहाशे.